सासूबाईंचा स्वभाव, भिशीची वही आणि एमआरआय

आमच्या सासूबाईंच्या डोक्यातली गाठ १९ सप्टेंबर २०२४ ला काढली. त्याआधी सव्वा वर्ष घरात जे काही चाललं होतं, त्याला आम्ही, शेजारी, पाहुणे, सगळे एकच नाव देत होतो: स्वभाव. सासू-सुनेचं घर म्हटलं की लोकांना दुसरं कारण शोधावंसं वाटत नाही. ज्यांच्या घरातलं साठीच्या पुढचं माणूस अचानक वेगळं वागायला लागलंय आणि आधी कुणाकडं जायचं हेच कळत नाही, त्यांच्यासाठी हे तारखा आणि खर्चासकट लिहितेय. आईंना वाचून दाखवलंय. त्यांनी परवानगी दिली, फक्त नाव घालायचं नाही, आणि भिशीच्या बायकांची नावं तर अजिबात नाहीत, असं सांगितलंय.

आम्ही कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो. सासरे २०१७ ला गेले. मिस्टर उद्यमनगरात लेथवर काम करतात, मी एका पतसंस्थेत क्लार्क आहे. घरात मी, मिस्टर, आमची मुलगी आणि आई. आई तेव्हा ६२ वर्षांच्या. शिस्तीच्या, तोंडानं थोड्या कडक, पण लोकांसमोर शब्द तोलून बोलणाऱ्या. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, आमचं भांडण कधी उंबऱ्याबाहेर गेलं नव्हतं.

मागे वळून तारीख लावायची तर सुरुवात मे २०२३ ची. वर्षाची कांदा-लसूण चटणी आमच्याकडं मे महिन्यात होते. मसाला आई स्वतः भाजतात, खोबऱ्याला तर दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. त्या वर्षी खोबरं काळंकुट्ट झालं तरी त्या परततच होत्या. मी कामावरून आले तेव्हा जिन्यापर्यंत करपट वास येत होता. आई म्हणाल्या, “कुठं जळलंय? तुझं आपलं काहीतरीच.” मसाला तसाच डंकावर गेला, तिथली बाई म्हणाली की खोबरं करपलंय, आणि आई तिच्याशी भांडून आल्या. मिरची भाजताना मात्र त्यांना सगळ्यांसारखा ठसका लागला होता, डोळ्यांतून पाणी आलं होतं. त्यामुळं त्यांना वास येत नसेल असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. हा ठसक्याचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये गौरीच्या हळदी-कुंकवाला गल्लीतल्या बायका आल्या होत्या. मी डाळ वाटत होते. आई सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाल्या, “हिच्या माहेरात चूल तरी पेटत होती काय? इथं येऊन अंगावर मांस चढलंय.” आणि हसल्या. बायका खाली मान घालून बसल्या. एरवी आई रागावल्या की त्यांचा आवाज बारीक व्हायचा. त्या दिवशी त्यांना राग आलेलाच नव्हता, आपण काही वावगं बोललोय याचा पत्ताही नव्हता. रात्री मी मिस्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, वय झालंय, सोडून दे.

हिवाळ्यात बोलणंही कमी झालं. सकाळी सहाला उठून अंबाबाईला जाणाऱ्या आई नऊपर्यंत अंथरुणात. आंघोळीला चार वेळा म्हणावं लागायचं. साडीचा पदर कुठं आहे याचं भान नाही. टीव्ही चालू असायचा, पण मालिकेत काय झालं विचारलं तर सांगता यायचं नाही. दारावर येणाऱ्या माणसाकडून एकाच महिन्यात दोन कुकर घेतले, घरात आधीच तीन होते.

याच काळात भिशीचं प्रकरण झालं. आई गल्लीतल्या वीस बायकांची भिशी चालवायच्या, महिना हजार रुपये, दहा तारखेला चिठ्ठी. कितीतरी वर्षांत एका रुपयाचा घोळ नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये एकाच बाईची चिठ्ठी दुसऱ्यांदा निघाली, कारण आईंनी तिचं नाव डब्यातून काढलंच नव्हतं. कुजबुज सुरू झाली. मी त्यांची वही घेऊन बसले. पतसंस्थेत दिवसभर खाती जुळवते, त्यामुळं वही बोलते कशी हे मला कळतं. ऑगस्ट २०२३ पर्यंत पान अन् पान स्वच्छ, नावापुढं टिक, तारीख, सही. सप्टेंबरात एक टिक दोन घरांत पडलेली. नोव्हेंबरात एका बाईचे पैसे दोनदा जमा, दुसरीचे नाहीतच. जानेवारीच्या पानावर अर्ध्यावर नावं लिहून सोडलेली, आणि उरलेल्या जागेत त्याच पहिल्या तीन बायकांची नावं पुन्हा पुन्हा. एकूण सहा हजार कमी भरत होते. आम्ही पदरचे भरले आणि भिशी दुसऱ्या काकूंकडं दिली. पण ती वही मी जपून ठेवली. पैसे खाणारं माणूस वही नीट ठेवतं. ही वही तशी नव्हती, आणि बिनसलेल्या स्वभावाचीही वाटत नव्हती. त्या रात्रीपासून मी एका शंभरपानी वहीत तारीख घालून लिहायला लागले: आज काय झालं, किती वाजता, आधी असं करायच्या का. एवढंच, स्वतःचं मत न घालता.

तुम्हाला यातली एकच गोष्ट करता आली तर ही करा. “आईंचा स्वभाव बदललाय” असं सांगितलं की डॉक्टर सहानुभूतीनं ऐकतात. “ऑगस्टपर्यंत हिशेब बरोबर होता, सप्टेंबरपासून असा आहे” म्हणून वही पुढं केली की ते चष्मा लावून बघतात.

फॅमिली डॉक्टरांकडं आम्ही जानेवारीत एकदा जाऊन आलो होतोच. त्यांनी वयावर ढकललं नाही हे सांगायला हवं. साखर, थायरॉइड, बी-१२, सोडियम, लिव्हर, किडनी, लघवी, सगळं तपासलं, २,३०० रुपये झाले. त्यांनी समजावलं की थायरॉइड बिघडलं तरी माणूस चिडचिडं किंवा सुस्त होतं, बी-१२ उतरलं तरी विसरभोळं आणि संशयी होतं, बीपीच्या काही गोळ्यांनी सोडियम खाली गेलं तर बरळायलाही लागतं, आणि म्हाताऱ्या माणसाला लघवीचा संसर्ग झाला तरी वागणं पालटतं. आईंचं बी-१२ कमी निघालं. इंजेक्शनं झाली, हातापायाच्या मुंग्या गेल्या, बाकी फरक नाही.

मार्चमध्ये मनोविकारतज्ज्ञांकडं गेलो. आई येणार नाहीत म्हणून “झोपेचे डॉक्टर” असं सांगितलं होतं. फी ७०० रुपये. वेड्यांच्या डॉक्टरकडं नेलं म्हणून पाहुण्यांत चर्चा झाली, ती होणारच. एका नातलगानं कागलकडच्या देवरुषाचा पत्ता दिला, दुसऱ्यांनी नरसोबाच्या वाडीला न्या म्हणून सांगितलं. देवरुषाला मी ठाम नाही म्हटलं. वाडीला मात्र गेलो, आईंची लहानपणापासून श्रद्धा आहे, आणि दर्शनानं माझंही मन जरा थाऱ्यावर आलं. गोळ्या त्या दिवशीही चुकवल्या नाहीत.

डॉक्टरांनी नैराश्य धरून गोळ्या सुरू केल्या होत्या. अशा गोळ्यांचा गुण यायला चार-सहा आठवडे जातात, तेवढे थांबायला सांगितलं. झोप सुधारली, बाकी होतं तिथंच. जूनमध्ये एका दुपारी आई पुढच्या अंगणात, रस्त्याकडं तोंड करून लघवीला बसल्या. समोरच्या दुकानात माणसं होती. मी धावत जाऊन चादर धरली. त्या शांतपणे उठल्या आणि चहा मागितला.

हे सांगितल्यावर डॉक्टर बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “नैराश्यातलं माणूस आतून तळमळत असतं. यांना कशाचंच काही वाटत नाहीय, हे मला खटकतंय. बासष्ट वर्षांत मनाचा कसलाही आजार नाही आणि आता पहिल्यांदा असं होतंय, तेव्हा मेंदू बघितल्याशिवाय मी गोळ्या वाढवणार नाही.” त्यांनी न्यूरोलॉजिस्टच्या नावानं चिठ्ठी दिली. डोकं दुखतं का, उलटी होते का, कमी दिसतं का, वास येतो का, असंही विचारलं. वासाचं ऐकून मला करपलेलं खोबरं आठवलं. मी ते वहीत पहिल्या पानावर, मे २०२३ म्हणून लिहिलं.

न्यूरोलॉजिस्टची तारीख २६ जुलैची मिळाली. आणि पंचगंगेला पूर आला. नदीनं ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली, प्रयाग चिखलीतून वन्सं त्यांच्या दोन मुलांना घेऊन आमच्याकडं आल्या. तारीख पुढं गेली, ६ ऑगस्ट.

वन्संबद्दल लिहायला हवं. वर्षभर त्या फोनवर मला बोलत होत्या. आई त्यांच्याशी फोनवर पाच मिनिटं व्यवस्थित बोलायच्या, ठरलेली उत्तरं द्यायच्या, “जेवलो, बरं हाय, पोरं कशी हायत.” त्यातून वन्संना वाटायचं की आई ठीक आहेत आणि मीच काहीतरी करतेय. “तू तिला टाकून बोलतीस, म्हणून ती अशी वागती,” असं त्या स्पष्ट म्हणाल्या होत्या. पुराच्या दिवसांत त्यांनी आईंना पहिल्यांदा रात्रंदिवस बघितलं. दुसऱ्या दिवशी जेवताना आईंनी नातवाच्या ताटातली भाकरी उचलून खाल्ली, पोरगं रडायला लागलं तर त्याला अशी शिवी दिली की ते पोर रडायचं थांबून बघतच राहिलं. रात्री आईंची साडी ओली झाली आणि त्या तशाच झोपून राहिल्या. वन्संनी मला उठवलं नाही, मोरीत बसून साडी धुतली. पहाटे मी पाणी भरायला उठले तर त्या पायरीवर बसलेल्या. म्हणाल्या, “वहिनी, हे कधीपास्नं चाललंय?” मी वही आणून हातात दिली. त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मग त्या एवढंच म्हणाल्या, “सहा तारखेला मीबी येणार.”

त्या आल्या म्हणून बरं झालं. पेशंटला आधीपासून ओळखणारं, घराबाहेरचं एक माणूस बरोबर असावं. सुनेनं सांगितलेलं आणि लेकीनं सांगितलेलं जुळलं की डॉक्टरांना बोलण्यावर भरवसा बसतो.

न्यूरोलॉजिस्टची फी ८०० रुपये, तपासणी पाऊण तास. मला वाटलं होतं हातोडीनं गुडघे ठोकतील आणि सोडतील. त्यांनी आईंना एका मिनिटात जेवढी येतील तेवढ्या भाज्यांची नावं सांगायला लावली. मंडईत जन्म गेलेल्या बाईनं मेथी, वांगी, मेथी, बटाटा, मेथी म्हटलं आणि थांबल्या. मग हातानं मूठ, कड, तळवा असं एकापाठोपाठ टेबलावर ठेवायला सांगितलं. आई मूठच आपटत राहिल्या. “मी एकदा टकटक केलं तर तुम्ही एकदा करायचं, दोनदा केलं तर काही करायचं नाही,” असं सांगितलं. आईंना सूचना पाठ म्हणता येत होती, पण हात थांबत नव्हता.

नंतर त्यांनी ड्रॉवरमधून दोन डब्या काढल्या. आईंना डोळे मिटायला सांगितले, एक नाकपुडी दाबली आणि दुसरीखाली डबी धरली. कॉफी होती. खुर्चीत बसलेल्या मला वास येत होता. आई म्हणाल्या, “काय न्हाई.” दुसरी नाकपुडी, तेच. दुसऱ्या डबीत साबणाचा तुकडा, तेच. मी मिरचीच्या ठसक्याचं विचारलं. त्यांनी सांगितलं की ठसका, झोंबणं, डोळ्यांची आग हे चेहऱ्याच्या वेगळ्या नसेचं काम आहे, वासाची नस वेगळी. म्हणून वास तपासताना झोंबणारा पदार्थ वापरतच नाहीत. दोन्ही नाकपुड्यांचा वास गेलाय आणि वागणं असं बदललंय म्हटल्यावर कपाळामागं, नाकाच्या वरच्या भागात काय आहे ते बघायलाच हवं. कपाळामागचा मेंदू काय बोलावं, काय बोलू नये, कुठं थांबावं, कामाला हात कधी घालावा हे सांभाळतो. त्यावर दाब आला की माणसाची आठवण बऱ्यापैकी शाबूत राहते, पण वागणं पालटतं. डोळ्यांच्या मागचा पडदा बघायला नेत्रतज्ज्ञांकडंही पाठवलं, कारण गाठ वाढली की नजरेच्या नसेवर दाब येतो.

८ ऑगस्टला एमआरआय. डाय (शिरेतून द्यायचं औषध) घालून करायचा असेल तर आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी लागते. आमची जानेवारीची होती, ती जुनी म्हणून चालली नाही, खाली जाऊन पुन्हा रक्त दिलं. मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या, केसातल्या पिना सगळं काढावं लागतं. आईंची जोडवी वर्षानुवर्षांची, निघेनात, साबण लावून अर्धा तास गेला. घरूनच काढून न्या. त्या आत पडून राहीनात म्हणून थोडं झोपेचं औषध द्यावं लागलं, त्यासाठी चार तास उपाशी. खर्च ८,५०० रुपये. सीडी मागून घ्या, नुसता कागद घेऊ नका, सर्जन सीडीच बघतात.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. ५.४ सेंटिमीटरची गाठ, दोन्ही बाजूंच्या मेंदूला सूज, ‘ऑल्फॅक्टरी ग्रूव्ह मेनिन्जिओमा’. मोसंबीएवढी गाठ आणि आम्ही चौदा महिने त्याला टोमणे म्हणत होतो, असं मिस्टर म्हणाले आणि गाडीच्या सीटवर डोकं टेकून रडले.

मेनिन्जिओमा ही मेंदूवरच्या आवरणातून उगवणारी गाठ. बहुतेक वेळा कॅन्सरची नसते, वर्षाला काही मिलिमीटर अशी हळू वाढते, आणि बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जवळपास दुपटीनं आढळते. आईंची गाठ वासाच्या नसा जिथून मेंदूत जातात त्या खाचेत होती. या जागी ती वाढत असताना हात-पाय लुळे पडत नाहीत, तोंड वाकडं होत नाही, त्यामुळं कित्येकदा ती मोठी होईपर्यंत ध्यानात येत नाही. सर्जन म्हणाले की ही आठ-दहा वर्षांपासूनची असू शकते.

ऑपरेशनचा अंदाज खासगीत साडेतीन लाखांपर्यंत सांगितला. आमच्याकडं केशरी रेशन कार्ड, म्हणून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत करायचं ठरवलं. योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे, पूर्वी दीड लाख होतं. रुग्णालय योजनेत असावं लागतं, आणि नुसतं रुग्णालय असून भागत नाही, न्यूरोसर्जरी त्यांच्याकडं योजनेत आहे का हे विचारा. १५५३८८ या हेल्पलाइनवर माहिती मिळते. रुग्णालयाच्या दाराशीच आरोग्यमित्र बसतात, पहिलं काम त्यांच्याकडं.

आमचं गाडं अडलं ते नावावर. रेशन कार्डावर आईंचं माहेरचं हाकेचं नाव, आधारवर लग्नातलं नाव. आरोग्यमित्रांनी हात जोडून सांगितलं की ताई, ऑनलाइनला दोन्ही जुळल्याशिवाय माझ्याकडून पुढं जातच नाही. मग रेशन दुकानदाराचं पत्र, आधारची प्रत, लग्नपत्रिका (ती सापडली, ट्रंकेत होती), प्रतिज्ञापत्र, दुरुस्तीचा अर्ज. दुरुस्ती ऑनलाइन दिसायला वेळ लागला, मध्ये सर्व्हर बंद, मध्ये गणपतीच्या सुट्ट्या. दरम्यान २० ऑगस्टला मिरजेला जाऊन दुसऱ्या सर्जनचं मत घेतलं, तेही ऑपरेशनच म्हणाले. कागद मिळत नव्हते तोवर रात्री झोप लागायची नाही. तुमच्या घरी आज कुणी आजारी नसलं तरी रेशन कार्ड आणि आधारवरची नावं ताडून बघा आणि वेगळी असतील तर आत्ताच दुरुस्त करून घ्या.

नावं जुळली, मग मंजुरीसाठी एमआरआय, सर्जनची चिठ्ठी, पेशंटचा फोटो अपलोड झाला. अर्जावर आजाराचा आंतरराष्ट्रीय कोड लागतो, आईंच्या गाठीचा डी ३२.०. मी तो वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवला, पुढं बऱ्याच कागदांवर लागला.

९ सप्टेंबरपासून सूज उतरवायचं स्टेरॉइड सुरू केलं. चौथ्या दिवशी मी चहा दिला तर आई म्हणाल्या, “गौरीचा नैवेद्य कुणी केला गं?” वर्षभरात त्यांनी स्वतःहून विचारलेला तो पहिला प्रश्न. मी केला म्हटलं. “पुरण नीट शिजलं होतं काय?” मला बोलवेना, नुसती मान हलवली. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की हा सूज उतरल्याचा गुण आहे, गाठ तिथंच आहे, बरं वाटतंय म्हणून ऑपरेशन टाळू नका. त्याच गोळीनं साखर २८० पर्यंत चढली आणि इन्सुलिन द्यावं लागलं, तेही सांगून ठेवते.

संमतीपत्रावर फिट, रक्तस्राव, नजर, संसर्ग, नाकातून मेंदूतलं पाणी गळणं, आणि वास कायमचा जाणं असं सगळं लिहिलेलं असतं. प्रत्येक ओळ मराठीत समजावून घेतली. रक्ताच्या दोन पिशव्यांसाठी उद्यमनगरातले मिस्टरांचे सहकारी आले.

१९ तारखेला सकाळी साडेआठला आत नेलं, संध्याकाळी पाचला बाहेर. पुढचे तीन दिवस ऑपरेशनपेक्षा वाईट गेले आणि याबद्दल कुणी आधी सांगत नाही. आयसीयूत आई आम्हाला ओळखत नव्हत्या, सासऱ्यांना हाका मारत होत्या, सलाईन उपटत होत्या, म्हणून हात मऊ पट्ट्यांनी बांधले होते. वन्संनी दारातूनच मागं वळून भिंत धरली. याला डिलिरियम म्हणतात, मोठ्या ऑपरेशननंतर वयस्कर माणसांत बऱ्याचदा होतं आणि उतरतं. त्यांचा चष्मा आणून द्या, घड्याळ दिसेल असं ठेवा, आज कुठला वार, कुठं आहोत हे ओळखीच्या आवाजात सांगत राहा, असं सिस्टरांनी सांगितलं. आम्ही तेच करत राहिलो.

पाचव्या दिवशी सर्जन राऊंडला आले. आई उशीला टेकून बसल्या होत्या. पुरुष माणूस खोलीत आला तशी त्यांनी चादर छातीपर्यंत ओढली आणि पट्टी बांधलेल्या डोक्यावर टॉवेलचं टोक घेतलं. वर्षभर ज्यांचा पदर मी सावरत होते त्यांनी आपणहून अंग झाकलं. सर्जनना ते दिसलंही नसेल. वन्सं आणि मी एकमेकींकडं बघितलं.

घरी सोडताना तीन गोष्टी बजावल्या: नाक जोरात शिंकरायचं नाही, वाकून जड उचलायचं नाही, आणि नाकातून पाण्यासारखं पातळ, खारट गळायला लागलं किंवा ताप आला तर सर्दी समजून घरी थांबायचं नाही, सरळ यायचं. गाठीचा रिपोर्ट नंतर आला, ग्रेड १, म्हणजे साधी. रेडिएशन लागलं नाही.

ऑक्टोबरात आई पुन्हा भयंकर चिडायला लागल्या, भांडी फेकली. पोटात गोळा आला, गाठ पुन्हा आली की काय. वही पुन्हा काढली, बघितलं तर चिडचिड फिट येऊ नये म्हणून दिलेली लेव्हेटिरॅसिटामची गोळी वाढवल्यापासूनची होती. डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी सांगितलं की काही जणांना या गोळीनं असं होतं, आणि गोळी बदलली. आठवड्यात शांत झाल्या. फिटची गोळी मात्र स्वतःच्या मनानं बंद करायची नाही, एकदम थांबवली तर फिट येऊ शकते.

योजनेत ऑपरेशन, खाट, आतली औषधं, जेवण यांचा एक रुपया लागला नाही. आधीच्या तपासण्या, एमआरआय, फी, गाडीभाडं, नंतरच्या बाहेरच्या गोळ्या मिळून आमचे साधारण ३८ हजार गेले. मला आणि मिस्टरांना मिळून महिनाभर बिनपगारी रजा पडली, ती वेगळी.

आता आई बऱ्याच सुधारल्यात, पूर्वीसारख्या शंभर टक्के नाहीत. एका वेळी तीन भांडी गॅसवर असली की गोंधळतात, संध्याकाळी लवकर थकतात आणि थकल्या की शब्द तुटक येतात. वास परत आलेला नाही, येणारही नाही असं सांगितलंय. त्यामुळं स्वयंपाकघरात गॅसगळतीचा अलार्म बसवलाय, दीड हजाराच्या आसपास मिळतो. उरलेल्या भाजीच्या डब्यावर तारखेची चिठ्ठी चिकटवतो, कारण आंबलेलं त्यांना कळत नाही. वास नसलेल्या माणसाला एकटं गॅसवर सोडू नका, हे डिस्चार्जच्या कागदावर लिहिलेलं नसतं.

गौरीच्या दिवशीचं बोलणं त्यांना आठवत नाही. अंगणातलं आठवतं, अंधुक, आणि तो विषय निघाला की त्या उठून आत जातात, म्हणून आम्ही काढत नाही. मला लोक विचारतात, आता मनात काही उरलं नाही ना? रिपोर्ट हातात आला म्हणून ऐकलेले शब्द पुसले जात नाहीत, काही अजून टोचतात. पण ते कुठून आले हे आता माहीत आहे, आणि त्यांच्यावर राग धरायचं कारण उरलेलं नाही. भिशीच्या दोन बायका घरी येऊन आईंजवळ बसून गेल्या. आईंनी पैसे खाल्ले असं ज्या काकूंनी गल्लीभर सांगितलं होतं, त्या आल्या नाहीत. त्यांना मी स्वतः जाऊन डिस्चार्जचा कागद दाखवून आले. आईंचं नाव स्वच्छ व्हावं हे मला गरजेचं वाटलं.

डिसेंबर २०२४ आणि सप्टेंबर २०२५ चे एमआरआय स्वच्छ आलेत. ग्रेड १ असली तरी ही गाठ परत येऊ शकते, म्हणून काही वर्षं दरवर्षी बघायचं आहे. तो खर्च आमचा आम्हालाच करायचाय, त्यासाठी मी महिन्याला ८०० रुपयांचं आवर्ती खातं काढलंय. सगळ्या कागदांच्या दोन फाइली केल्यात, एक आमच्याकडं, एक वन्संकडं चिखलीला. पावसाळ्यात तिकडची फाइल त्या घरी ठेवत नाहीत, जूनमध्येच आमच्याकडं आणून देतात.